पाहुण्यांच्या सपाता

कुकरची शिट्टी झाली आणि विभाच्या छातीत धस्स झालं.

एरवी कुकरची शिट्टी ही काय दचकायची गोष्ट आहे? पण आज दुपारी शांतता पाळायची होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई, मियाजिमा-सान, सकाळीच जिना चढून आल्या होत्या आणि कमरेत वाकून सांगून गेल्या होत्या, की आमच्या रिकाम्या खोलीत अमेरिकन गाण्यांचं शूटिंग आहे, महिनाभर चालेल, तेवढी मेहेरबानी करा. विभानेही वाकून 'हाई, हाई' केलं होतं. आणि मग भाषांतराच्या कामात डोकं घातल्यावर हातांनी आपले आपणच वरण-भात लावला होता!

तिने धावत जाऊन गॅस बंद केला. खाली कुणीतरी काहीतरी बोललं. लोखंडी जिन्यावर पावलं वाजली... आणि दाराची बेल.

जपानात इतकी वर्षं काढलेल्या बाईला शेजाऱ्याच्या तक्रारीची जेवढी धास्ती असते, तेवढी भूकंपाचीही नसते. दार उघडता उघडताच ती वाकली. "सुमिमासेन! होंतो नि सुमिमासेन..."

"अजून किती व्हायच्यात?"

विभा वाकलेलीच राहिली. शब्द मराठी होते. कानांवर विश्वास बसेना म्हणून तिने मान वर केली. दारात एक पुरुष उभा होता, गळ्यात हेडफोन, हातात काठी, आणि काठीच्या टोकाला करड्या लोकरीत गुंडाळलेला माइक... मांजर बांधल्यासारखा.

"क... काय?"

"शिट्ट्या. वरण-भाताला तीन लागतात ना? एक झाली. उरलेल्या दोन द्या. प्लीज."

"तुम्ही... मराठी?"

"कर्वेनगर. चालेल का?"

तिला हसू फुटायला हवं होतं, पण धक्काच एवढा होता की तिने मुकाट्याने जाऊन गॅस पुन्हा पेटवला. तो दाराशीच थांबला. बूट काढून, मोज्यांनी, त्या चिमूटभर जागेत; पायरी चढून आत मात्र आला नाही. दुसरी शिट्टी झाली. त्याने डोळे मिटले. तिसरीला त्याचा चेहरा असा झाला, जसा एखाद्याचा गरम भातावर तूप पडताना होतो.

"ह्या गाण्यात लांबून एक रेल्वे येते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अमेरिकेतल्या खऱ्या इंजिनाचा भोंगा आहे आमच्याकडे. पण त्यात घर नव्हतं. ह्यात आहे." मग एकदम शुद्धीवर आल्यासारखा, "मी रणजित. डायरेक्टर. खाली सगळे एक मिनिट श्वास रोखून बसले होते. रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करत होतो. तुम्ही ती मोडलीत."

"सॉरी."

"नका हो म्हणू सॉरी. आता रोज काय शिजवता त्याचं टाइमटेबल द्या."

तो गेला. विभा दाराला पाठ टेकून कितीतरी वेळ उभी होती. गेली कित्येक वर्षं ह्या दारात उभ्या राहिलेल्या कुठल्याच माणसाने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. फक्त सांत्वन दिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी तो जपानी रीतीप्रमाणे आभाराचा बिस्किटांचा डबा घेऊन आला. दार शिवानीने उघडलं. वय वर्षं सहा, पुढचे दोन दात गायब.

"आई, कुणीतरी ओजिसान आलेत!"

"ओजिसान?" रणजित कळवळला. "एवढा का म्हातारा दिसतो? काका म्हण गं. काकात जरा तरी तरुणपण आहे."

"काका काय करतात?"

"कंट्री म्युझिकचे व्हिडिओ करतात."

विभा आतून हात पुसत आली. "कंट्री म्युझिक म्हणजे... देशभक्तीपर?"

तो इतका हसला की जिन्याखालून मियाजिमा-सान डोकावल्या. "नाही हो! टोपीवाल्यांचं. गिटार, बँजो, जुना ट्रक, सोडून गेलेली बायको, आणि घरी जायची ओढ. सगळं एका गाण्यात."

"आणि ह्यात कर्वेनगर कुठून आलं?"

ते मग त्याने हप्त्याहप्त्याने सांगितलं. कधी दाराशी, कधी जिन्यावर, कधी त्सुयु म्हणतात त्या जूनच्या चिकट पावसात स्टेशनपासून घरापर्यंत, कोपऱ्यावरच्या कोनबिनी-दुकानातून घेतलेल्या एकाच पारदर्शक छत्रीखाली. तो नागोयाच्या एका मोटर कंपनीत इंजिनियर होता. दिवसभर इंजिनाची थरथर मोजायची, आणि शनिवारी एका तळघरातल्या बारमध्ये जायचं. तिथे रिटायर झालेले जपानी आजोबा काउबॉय टोप्या घालून, डोळे मिटून टेनेसीची गाणी म्हणायचे. एकाही आजोबाने टेनेसी पाहिलेलं नव्हतं. "पण गाताना रडायचे," तो म्हणाला. "मला वाटलं, न पाहिलेल्या गावासाठी माणूस रडतो कसा, हे टिपायला हवं." म्हणून कॅमेरा घेतला. त्या आजोबांचे व्हिडिओ एका होतकरू अमेरिकन गायिकेने पाहिले. तिने एक गाणं पाठवलं. त्याने व्हिडिओ केला. आणि त्या पहिल्याच व्हिडिओला अमेरिकेत मोठा पुरस्कार मिळाला.

"मग नोकरी सोडली?"

"नोकरीनेच मला सोडलं. मीटिंगमध्ये मी बॉसच्या बोलण्यावर ताल धरायला लागलो होतो."

"दाखवा ना मला तो व्हिडिओ. बक्षीसवाला."

त्याने छत्रीचा दांडा दुसऱ्या हातात घेतला.

"तो नको," तो म्हणाला. "बाकी सगळे बघा. तो... मला आवडत नाही."

विभाला नवल वाटलं. ज्या कामाने माणूस मोठा झाला, तेच त्याला आवडू नये? इंटरनेटवर शोधला असता तर क्षणात सापडला असता. पण त्याने नको म्हटलं, म्हणून तिने शोधला नाही. एवढा भरवसा आपण एका माणसावर कधीपासून टाकायला लागलो, ह्या विचाराने मात्र ती त्या दिवशी दोनदा दचकली.

एकदा त्याने तिला शूटिंग बघायला खाली बोलावलं. सोनेरी केसांची गायिका उभी होती, आणि स्पीकरमधून तिचंच गाणं दुप्पट वेगाने खारीसारखं चिरकत होतं. गायिकाही तशीच भरभर ओठ हलवत, भरभर हात फिरवत होती. विभाने तोंडावर हात दाबला.

"हे काय भलतंच!"

"इथे ती पळते, म्हणून पडद्यावर तरंगते," रणजित तिच्या कानाशी कुजबुजला. "वेगाने शूट करायचं, सावकाश दाखवायचं. गाण्याशी ओठ बरोबर जुळतात, पण केस, स्कार्फ, पाऊस... सगळं स्वप्नासारखं. तुम्हीसुद्धा दिवसभर पळता, विभा-सान. सावकाश कशा दिसाल, बघायचंय मला."

"भाजी करपेल."

"करपू दे."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पण त्या रात्रीच्या भाजीत तिने मीठ दोनदा घातलं. शिवानी म्हणाली, "शोप्पाई!" आणि पाण्याचा अख्खा ग्लास संपवला.

*

अनुरागबद्दल तिने त्याला जिन्यावर बसून सांगितलं. जिन्यावरच, कारण घरात तो अजून आला नव्हता. तिने बोलावलं नव्हतं.

"शिवानी आठ महिन्यांची होती. तो सकाळी ऑफिसला गेला आणि दुपारी फोन आला. डोक्यातली रक्तवाहिनी. बस."

रणजितने 'अरेरे' म्हटलं नाही. त्याचं गुडघ्यावरचं बोट, जे नेहमी कुठल्या तरी तालात हलायचं, ते थांबलं.

"गंमत सांगू? व्हिडिओ पुष्कळ आहेत घरात. पण कॅमेरा कायम त्याच्या हातात. 'शिवानी, इकडे बघ, बाबांकडे बघ...' असा नुसता आवाज. तो नाही. फोटो आहेत. पण हलता-चालता बाबा तिने पाहिलाच नाहीये."

"आम्ही कॅमेऱ्यामागची माणसं असेच असतो," तो म्हणाला. "सगळ्यांना जपून ठेवतो, आणि स्वतः..."

खालून मियाजिमा-सान अंगणात आल्या. हाताचा पंजा खाली करून, नवख्याला टाटा वाटावा अशी बोटं हलवत त्यांनी शिवानीला हाक मारली, "ओइदे, ओइदे!" इकडे ये, इकडे ये. शिवानी त्या दोघांच्या मधून धडधडत खाली पळाली. ती गेल्यावर मधे जागा उरली, आणि ती दोघांपैकी कुणीच भरली नाही... पण मोठीही होऊ दिली नाही.

"विभा," तो म्हणाला. 'सान' गळून पडलं होतं. "मला तीन वर्षांसाठी अमेरिकेला बोलावतायत. जुलैअखेर निघायचं. मोठं काम आहे."

"अरे वा!" ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा आनंदी काढला.

"वा काय? कुणी थांब म्हटलं, तर थांबणारही आहे मी."

"कुणी म्हणजे?"

"जिच्या कुकरचा सूर पांढरी चारमध्ये लागतो, ती."

ती झटकन उठली. "मला धुणं उचलायचंय," म्हणाली. पाऊस तर सकाळपासूनच होता, धुणं बाहेर घातलंच नव्हतं. त्यालाही ते दिसत होतं. पण तो काही बोलला नाही, हे तिला फार आवडलं.

*

जपानी घरात पाहुण्याला आत घ्यायचं म्हणजे त्याच्यापुढे सपाता ठेवायच्या. बूट काढून तो पायरी चढतो, सपातांत पाय सरकवतो, आणि घरातला होतो. विभाच्या दाराजवळच्या कपाटात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी साध्या सुती सपाता होत्या. आणि सगळ्यांत वरच्या कप्प्यात आणखी एक जोड होता. तपकिरी रेक्झिनचा, पुढे सोनेरी जपानी अक्षरं: 'पाहुण्यांसाठी'. तो तिने आजवर कुणालाच दिला नव्हता. सासूबाई आल्या तेव्हाही नाही.

तो अनुरागचा होता. खरं तर त्याचाही नव्हता. मार्च दोन हजार अकराच्या त्या मोठ्या भूकंपाच्या दुपारी अनुराग कामासाठी दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेला होता. तिथे बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घालायची पद्धत. जमीन हलायला लागली तसा तो बूट हातात घेऊन, सपातांनिशीच रस्त्यावर आला. विभाच्या ऑफिसपाशी पोचला तेव्हा गाड्या बंद, माणसांचा लोंढा रस्त्यावर, आणि विभाला पाचवा महिना. पाय सुजलेले, त्यात उंच टाचेच्या चपला. त्याने आपले बूट तिला घातले, पुढे रुमाल कोंबले, आणि स्वतः त्या सपाता फटाक् फटाक् वाजवत थेट फुनाबोरीतल्या ह्या घरापर्यंत चालला. आराकावा नदीच्या पुलावर तिच्या बुटाची नाडी सुटली तेव्हा गुडघ्यावर बसून त्याने ती घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधली. गडावर चढताना बांधायचा तशी. त्या दिवसातलं तिला एवढंच धड आठवत होतं. बाकी सगळं त्या हलत्या जमिनीवरून अजून खाली उतरलंच नव्हतं. सपाता परत द्यायच्यात हं, असं तो महिनोन् महिने म्हणत राहिला... आणि राहिल्याच.

शनिवारी तिने रणजितला जेवायला बोलावलं. भरली वांगी केली, कोथिंबीर इथे सोन्याच्या भावाने मिळते तरी सढळ हाताने घातली. केसांत क्लिप लावली, काढली, पुन्हा लावली. बेल वाजायच्या आधी वरच्या कप्प्यातला जोड काढला, पुसला, आणि पायरीवर नीट जुळवून ठेवला. टाचा दाराकडे, बोटं घराकडे. तोंडाने 'थांब' म्हणणं तिला जमणार नव्हतं. हे जमत होतं.

रणजित आला. भिजलेला, हातात फुलं, चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचं ते हसू. बूट काढले, एक पाय पुढे केला... आणि खाली बघितलं.

पाय हवेतच राहिला. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना विभाला स्पष्ट दिसलं.

"ह्या... ह्या कुठून आल्या?"

"घाल ना. तुझ्यासाठीच काढल्यात," ती म्हणाली. किती धीर एकवटून म्हणाली, तिचं तिला ठाऊक!

"विभा, कुणाच्या आहेत ह्या?"

"अनुरागच्या."

त्याने मान हलवली. नाही नाही अशी. फुलं तिथेच चपलांवर ठेवली, पाय कसेबसे बुटात कोंबले आणि तो जिना उतरून गेला. छत्रीसुद्धा न घेता.

विभाची कानशिलं तापली. मेलेल्या नवऱ्याच्या वस्तूला एवढी किळस? की विधवेच्या घरात पाऊल टाकायच्या ऐन क्षणी धीर सुटला? वांग्यांचा वास घरभर दरवळत होता आणि तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. स्वतःच्याच घरातून.

"आई, काका का गेले?" शिवानीने विचारलं.

"विसरले काहीतरी."

ती सपाता उचलून कपाटात टाकणार, तेवढ्यात जिना पुन्हा वाजला. रणजित पार निथळत होता. शर्टाच्या आत लॅपटॉप, बाळाला धरावं तसा.

"आत येत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "आधी हे बघ. मग ठरव, येऊ की नको."

तो उंबऱ्याबाहेर खालीच बसला. ती पायरीवर. मधे ओळीत त्या सपाता. त्याने बक्षीसवाला व्हिडिओ लावला.

बाईचा दाटलेला आवाज, गिटार, आणि पाय. नुसते पाय, शेकडो. संध्याकाळच्या उजेडात एका पुलावरून चालत घरी निघालेले, स्वप्नासारखे सावकाश. आणि मग, गाणं वरच्या सुरात चढतं तिथे, तपकिरी सपातांतला एक माणूस गुडघ्यावर बसतो. सोनेरी अक्षरं चमकतात. एका सुजलेल्या घोट्याभोवती तो नाडीचे वेढे देतो. एक... दोन.

विभाचा हात आपोआप स्वतःच्या घोट्याकडे गेला.

"हे... मी आहे."

"मी त्या दिवशी कामासाठी टोकियोत आलो होतो," तो खाली बघत बोलत होता. "लोकांबरोबर चालत सुटलो. कॅमेरा नवा होता. काय करतोय तेच कळत नव्हतं... विचारलं नाही मी. तुला नाही, त्यांना नाही."

"माझ्या सुजलेल्या पायांवर बक्षीस घेतलंस तू?"

"हो."

एवढं सरळ 'हो' तिला अपेक्षित नव्हतं. राग कुठे टेकवावा तेच तिला कळेना.

"म्हणून तो दाखवत नव्हतो. दर मार्चला त्या पुलावर उभा राहायचो, सपातावाला माणूस दिसेल म्हणून. शूटिंगला हीच वस्ती निवडली ती त्यासाठीच. भेटले असते तर पाया पडून विचारणार होतो, चालेल का म्हणून."

"म्हणजे माझ्या दारात तू..." ती त्याच्याकडे वळली. "तू मला शोधत आला होतास? हे सगळं... ती छत्री, तो जिना..."

"शप्पथ नाही!" त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "शोधत होतो तोवर सापडली नाहीस, विभा. ह्या महिन्यात शोधायचंच विसरलो होतो. शिट्टी ऐकायला वर आलो, आणि विसरलो. आज खाली बघितलं तेव्हा आठवलं."

पावसाचा आवाज तेवढा वाढला. विभाच्या आत एकाच वेळी काहीतरी मोडत होतं आणि काहीतरी जुळत होतं, आणि दोन्हींचा आवाज सारखाच होता.

"अजून आहे," तो चाचरत म्हणाला. "जे मी कुणालाच दाखवलेलं नाही. चेहरे आहेत म्हणून. खऱ्या वेगात आहे. आवाज नाही, वाऱ्याने खाल्ला. शेवटी ते माझ्याकडे बघून हात करतात. मला कायम वाटत आलंय, ते 'नको, शूट करू नकोस' म्हणत होते. बघशील? तू म्हणालीस तर सगळं काढून टाकतो. गाणं, बक्षीस, सगळं."

"लाव," ती म्हणाली.

पडद्यावर पूल होता. वारा होता. नाडी बांधून झाली, आणि तपकिरी सपातांतला माणूस उठला. गुडघे झटकले, विभाच्या खांद्यावर हात ठेवला. तीच घाईची चाल, तीच मान कलती. अनुराग. चालणारा. पापण्या मिटणारा. रणजित तोंड वळवून पावसाकडे बघत बसला. हे बघायचा हक्क आज आपला नाही, एवढं त्याला कळत होतं. आणि त्याच्या त्या वळलेल्या, भिजलेल्या पाठीकडे बघताना विभाला कळलं, की हा माणूस जाऊ नये असं तिला अजूनही वाटतंय. आत्ता तर जास्तच.

तिने हात पुढे केला. सपातांचा जोड बोटांनी थोडासा दाराकडे सरकवला. त्याच्या बाजूला. थोडासाच.

"बाबा!"

शिवानी कधी मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. आईच्या खांद्यावरून वाकून, दात नसलेलं तोंड उघडं ठेवून ती पडद्याकडे बघत होती. तिथे अनुराग थेट कॅमेऱ्याकडे वळला होता. ओठांवर हसू होतं, की वाऱ्याने डोळे बारीक झाले होते... आणि त्याने हात वर केला. पंजा खाली, बोटं हलली. एकदा, दोनदा, तीनदा. तिथेच चित्र संपलं.

"पुन्हा," शिवानी म्हणाली. रणजितने ते पुन्हा लावलं.

तिने सगळं पाहिलं. अगदी मन लावून. मग रणजितकाकांकडे पाहिलं, सपातांकडे पाहिलं, आणि आईच्या गळ्यात हात टाकून विचारलं,

"आई, बाबा काकांना बाय-बाय करतायत... की ओइदे करतायत?"